ठोंब्याला कळता कामा नये

१

ऑपरेटरबाईंना मरणाचं फारसं काही वाटत नव्हतं. ज्याचा नंबर लागेल त्याची लाइन जोडली जाणार, त्यात कुरकुर कसली, असं त्या म्हणत. त्यांना घोर होता तो ठोंब्याचा.

ठोंब्या हा त्यांचा कुत्रा. पिल्लू असताना हाक मारली की मान वर करून बघायचा आणि पुन्हा झोपायचा, म्हणून हे नाव पडलं. आता तो म्हातारा झाला होता आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पण घर त्याला तोंडपाठ होतं. खुर्चीपाशी वळायचं, शिवणयंत्राला वळसा घालायचा, की पुढे पाण्याचं भांडं. एखादी पाहुणी पर्स जमिनीवर ठेवून बसली तर तो तिच्यावर आपटायचा आणि मग दिवसभर रुसून बसायचा. बाकीचं जग त्याला कानाने आणि नाकाने कळे, आणि त्या जगात बाईंखेरीज फारसं कुणी नव्हतं.

बाईंचंही जग कानाचंच होतं. सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डासमोर गेली. पिना खुपसून खुपसून उजव्या हाताची तर्जनी जी वाकडी झाली ती कायमची. माणूस ‘हॅलो’ म्हणाला की तो कोण, जेवला आहे की उपाशी, खरं बोलतोय की लोणकढी थाप मारतोय, हे त्या सांगत. फोन उचलल्यावर त्या स्वतः कधी ‘हॅलो’ म्हणत नसत. त्या म्हणत, “बोला.” मोबाइल त्यांनी घेतलाच नाही. त्यात माणूस डबक्यातून बोलल्यासारखा वाटतो, अशी त्यांची तक्रार होती.

मग एका सकाळी छातीत कळ आली. निभावलं, पण डॉक्टरांनी बोलताना डोळ्यांत बघायचं टाळलं, तेव्हा बाई काय ते समजल्या. घरी आल्यावर त्यांनी भाचीला बोलावून घेतलं.

“शिवणयंत्र तुला. रेडिओ शेजारच्या मास्तरांना, ते कधीचे टपून बसलेत. भांडीकुंडी कुणालाही दे. ठोंब्याचं काय?”

भाचीने ठोंब्याकडे पाहिलं. तिच्या नवऱ्याला कुत्र्याच्या केसांनी धाप लागायची.

“मावशी, तू असं बोलूच नकोस गं.”

“बोलू नको तर काय करू? मी गेल्यावर तो बेवारशी कुत्र्यांच्या पिंजऱ्यात जाणार. आंधळा कुत्रा, अनोळखी पिंजरा. दार वाजलं की मी आले म्हणून उठेल आणि जाळीवर आपटेल. मला ते नकोय.” बाईंचा आवाज फाटला. “मी गेले हे त्याला कळताच कामा नये. बस, एवढंच.”

२

भाचीने एक बाई शोधून काढली. तिचं कामच हे होतं. लोकांच्या मागे त्यांची जनावरं सांभाळायची, घर होतं तसं ठेवायचं, आणि जनावर गेलं की ज्याची वस्तू त्याला पोचती करायची. ऑपरेटरबाई तिला ‘सांभाळणारी’ म्हणू लागल्या. तिचा चेहरा असा होता की ती समोरून उठली की आठवायचा नाही. आवाजही तसाच होता. ती कुठली, तिचं वय काय, कशाचा म्हणून पत्ता लागेना, आणि बाईंना हे पहिल्याच भेटीत खटकलं. माणसाच्या आवाजाला काहीतरी चिकटलेलं असतंच. हिचा धुऊन वाळत घातल्यासारखा स्वच्छ होता.

“वस्तू हलवायच्या नाहीत,” सांभाळणारी म्हणाली. “आंधळ्याला घर म्हणजे वस्तूंच्या जागा. मी इथेच राहायला येईन. पण जनावर वस्तूंवर जगत नाही. त्याला तुम्ही लागता. म्हणून मी आधी तुम्हाला शिकून घेते.”

“मला?”

“तुमची चाल, तुमची हाक, कप ठेवायची पद्धत. मग तुम्ही नसलात तरी त्याला कळत नाही.”

“खरंच नाही कळत?”

“जनावराला नाही.” ती हसली. “माणसाला कळतं, पण जरा उशिरा.”

दुसऱ्या दिवसापासून ती दुपारी येऊ लागली. बाईंचा जुना गाऊन तिने मागून घेतला, वासासाठी. बाईंच्या सपाता घालून ती हॉलमध्ये फिरे, आणि बाई खुर्चीत बसून ऐकत. पहिल्यांदा सगळंच चुकलं. ती “ठोंब्या” म्हणाली आणि ठोंब्याने कान हलवायचेही कष्ट घेतले नाहीत.

इथे बाईंनी गप्प बसायला हवं होतं. पण ज्या कानासमोर वरिष्ठ साहेबसुद्धा चळाचळा कापले, तो कान गप्प कसा बसणार? चुकीचा सूर त्यांना ताटातल्या खड्यासारखा लागे.

“अहो, शेवटी आवाज खाली आणा. मी काय लिलाव पुकारते का? डावा पाय जरा ओढा, तो माझा दुखतो. आणि खोकला असा घशातून नाही, छातीतून. हं, पुन्हा.”

सांभाळणारी पुन्हा करायची, न कंटाळता. बाईंना गंमत वाटू लागली. उभ्या आयुष्यात त्यांच्याकडून कुणी इतक्या मन लावून काही शिकलं नव्हतं.

आणि एका दुपारी सांभाळणारीने स्वयंपाकघरातून हाक मारली, “ठोंब्याऽ”, तशी ठोंब्या बाईंच्या पायांजवळून उठला. शिवणयंत्राला वळसा घालून शेपूट हलवत आत निघून गेला.

“झकास,” बाई म्हणाल्या. पण पायांना एकदम गार लागलं, आणि त्यांनी ते मागे ओढून घेतले.

एकच गोष्ट त्यांनी शिकवली नव्हती. रोज घराबाहेर पडताना त्या वाकून ठोंब्याच्या कानात म्हणत, “लाइनवर राहा हं.” म्हणजे मी येतेच. हे त्यांनी कुणासमोर कधी म्हटलं नव्हतं, आणि सांभाळणारीलाही सांगितलं नाही. आपलं म्हणून काहीतरी राहू दे, असं त्यांना वाटलं.

३

पुढच्या आठवड्यात तालमी सुरू झाल्या. बाईंनी सकाळी बाहेर जायचं आणि सांभाळणारीने घरात थांबायचं. बाई बागेतल्या बाकावर बसून राहत, कुणाच्या तरी गुडघ्यांबद्दल ऐकत, आणि परत येत. ठोंब्या मजेत असे. पहिल्यापहिल्यांदा तो दारात स्वागताला यायचा. मग येईनासा झाला. खरंच तर होतं, त्याच्या लेखी बाई कुठे गेल्याच नव्हत्या.

एका संध्याकाळी भाचीचा फोन आला.

“मावशी, बरं वाटलं गं सकाळी तुझ्याशी बोलून. किती दिवसांनी तू एवढी हसलीस.”

“सकाळी?”

“म्हणजे काय? लहानपणी मी तुझ्या बोर्डाखाली झोपायचे, ते सांगितलंस ना. मी तर पार विसरले होते.”

बाईंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. सकाळी त्या बागेत होत्या. बोर्डाखाली झोपायची गोष्ट खरी होती, पण ती त्यांनी आजवर कुणाला सांगितली नव्हती. मूल कामावर आणायची बंदी होती, म्हणून तेव्हाही नाही आणि नंतर सवयीने नाही.

“तू नक्की माझ्याशीच बोललीस?”

भाची हसली. “तुझा आवाज मी ओळखणार नाही का? काहीतरीच तुझं.”

४

“फोन तुम्ही उचललात?” दुसऱ्या दिवशी सांभाळणारीने सपाता चढवायच्या आत बाईंनी विचारलं.

“नाही हो. फोन वाजलाच नाही.”

बाईंनी कान टवकारले. आवाज खोटं बोलत नव्हता. आजवर अनेकांची थाप त्यांनी एका श्वासावरून पकडली होती, पण या आवाजात पकडायला काही नव्हतंच.

बाईंचं डोकं रात्रभर चाललं होतं. भाची आणि ही सामील असतील का? पण कशासाठी? जुन्या शिवणयंत्रासाठी कुणी एवढा खटाटोप करत नाही. मग आपणच बोललो आणि विसरलो? वयाने माणसं विसरतात, हे त्यांना मान्य होतं. पण बागेतला बाक त्यांना आठवत होता, शेजारी बसलेल्या गृहस्थांच्या आवाजातली खरखरही आठवत होती.

“उद्यापासून येऊ नका,” बाई म्हणाल्या. “मी ठोंब्याचं दुसरं काही बघेन. किल्ली द्या.”

सांभाळणारी रागावली नाही. तिने किल्ली दिली, गाऊन घडी करून खुर्चीवर ठेवला, सपाता दाराशी नीट लावल्या.

“जशी तुमची मर्जी. माझं काम तसंही झालं होतं.”

“म्हणजे?”

“म्हणजे त्याला आता माझी गरज नाही.” ती वाकून ठोंब्याला थोपटायला गेली, तर तो गुरगुरला. हे मात्र बाईंना फार आवडलं. ती जिना उतरून गेली. बाईंनी कान देऊन ऐकलं, पण तिच्या पावलांचा आवाज पहिल्या वळणानंतर त्यांना आलाच नाही.

५

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी बाई न्हाणीघरात होत्या. अंगावर पाणी ओतायला तांब्या उचलला आणि तो हातातच राहिला.

हॉलमध्ये सपाता वाजत होत्या.

एक पाऊल स्वच्छ, एक ओढलेलं. मग खुर्चीची करकर. मग खोकला, छातीतून. आणि त्या पाठोपाठ एक बोथट, ठेक्यातला आवाज, शिवणयंत्राच्या लाकडी पाटाला काहीतरी लागत होतं. तो आवाज बाईंना पक्का ठाऊक होता. त्या कामावरून आल्या की ठोंब्याचं शेपूट तिथे असंच आपटायचं.

नळातली हवा असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. वरच्या मजल्यावर कुणी चालत असेल. आवाज भिंतीतून कुठून कुठे जातो, हे तुला नाही तर कुणाला कळणार? तांब्या खाली ठेवताना त्यांनी आवाज होऊ दिला नाही. स्वतःच्याच घरात आपण चोरासारख्या वागतोय, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना संताप आला. त्यांनी टॉवेल गुंडाळला आणि दार धाडकन उघडलं.

हॉल रिकामा होता. दाराला आतून कडी होती. खुर्चीवर घडी करून ठेवलेला गाऊन आता पाठीवर टाकलेला होता. तो आपणच टाकला असेल, त्या म्हणाल्या, मोठ्याने. ठोंब्या खुर्चीकडे तोंड करून बसला होता. त्याचं शेपूट हळूहळू थांबलं. मग त्याने मान वळवली, बाईंच्या दिशेने हवा हुंगली, आणि सरकत सरकत खुर्चीखाली गेला.

“अरे ठोंब्या, मी आहे.”

तो बाहेर आला नाही.

बाईंनी भाचीला फोन लावला आणि सगळं भडाभडा सांगितलं. ती सांभाळणारी घरात शिरते, तिच्याकडे दुसरी किल्ली असणार, पोलिसांना कळव.

“मावशी, ती इथे नाहीच. तू नको म्हणालीस त्याच दिवशी ती दुसऱ्या शहरात गेली, तिथल्या कामावर. आत्ताच तिथून बोलत होती माझ्याशी.” भाची थांबली. मग लहान मुलाशी बोलावं तशी म्हणाली, “एकदा कान दाखवून घेशील का गं? माझ्यासाठी?”

६

कान दाखवायचे, म्हणजे सोन्याच्या नाण्याला खोटं म्हणण्यासारखंच. पण बाई गेल्या. निघताना त्या खुर्चीपाशी वाकल्या, खुर्चीखालच्या अंधाराला म्हणाल्या, “लाइनवर राहा हं,” आणि दाराला बाहेरून कुलूप घालून ते दोनदा ओढून पाहिलं.

डॉक्टरांनी कानात बत्ती घातली, हेडफोन लावून बारीक बारीक आवाज ऐकवले. “बाई, माझ्यापेक्षा चांगले आहेत तुमचे कान,” ते म्हणाले. एरवी बाईंनी ही गोष्ट अख्ख्या बिल्डिंगला ऐकवली असती. आता त्या चटकन उठल्या. कान चांगले, म्हणजे ऐकलेलं खरं.

बाहेर काउंटरवर फोन होता. तिथल्या मुलीला विचारून बाईंनी रिसीव्हर उचलला. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. वाकड्या तर्जनीने त्यांनी आपल्याच घरचा नंबर फिरवला. घरी कुत्र्याशिवाय कुणी नाही, तेव्हा फोन वाजत राहील, आणि तो नुसता वाजत राहिलेला ऐकला की आपल्याला बरं वाटेल, असा काहीतरी हिशेब होता.

फोन वाजला. पुन्हा वाजला. मग उचलला गेला.

“बोला.”

आपला आवाज बाहेरून कसा येतो हे बहुतेकांना माहीत नसतं. बाईंना माहीत होतं. एक्स्चेंजमध्ये कधीमधी लाइन उलटी फिरून स्वतःचाच आवाज कानात यायचा. हा तोच होता. शेवटी किंचित खाली येणारा, डाव्या बाजूच्या पडलेल्या दातामुळे जरा पाझरणारा. त्या दाताची फट त्यांनी सांभाळणारीला शिकवली नव्हती. ती शिकवता येत नाही.

आपण काय विचारतोय हे कळायच्या आत बाईंनी विचारलं, “ऑपरेटरबाई आहेत का?”

“लाइनवर राहा,” आवाज म्हणाला. “बघते.”

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा टक आवाज झाला. सपाता लांब गेल्या, एक पाऊल स्वच्छ, एक ओढलेलं. बाईंना लाइनमधून आपलं घर ऐकू येऊ लागलं. स्वयंपाकघरातला गळका नळ ऐकू आला, घड्याळ ऐकू आलं. न्हाणीघराचं दार उघडलं गेलं, मग आतल्या खोलीचं, मग कपाटाचंसुद्धा. कुणीतरी त्यांना खरोखर शोधत होतं, नीट, कामाला चोख असलेल्या माणसासारखं. ठोंब्याची नखं त्या पावलांच्या मागे मागे टिकटिकत होती.

सपाता परत आल्या.

“बाई घरात नाहीत,” आवाज म्हणाला, आणि फोन ठेवला.

७

बाई घरापर्यंत कशा आल्या ते त्यांचं त्यांना ठाऊक. बाहेर लख्ख ऊन होतं, मुलं शाळेतून परतत होती. जिन्यात मास्तर भेटले. “काय ऑपरेटरबाई, कधी बाहेर पडलात?” ते म्हणाले. “आत्ताच तर तुमचा रेडिओ लागलेला ऐकला.” बाई थांबल्या नाहीत.

कुलूप दाराला नव्हतं. त्यांनी दार लोटलं. आतून साखळी लावलेली होती, दार वीतभर उघडलं आणि अडलं.

फटीतून जेवढं दिसलं तेवढं दिसलं. खुर्चीची पाठ. गाऊनची बाही. हातावर टेकलेलं ठोंब्याचं डोकं, आणि त्याच्या कानामागे खाजवणारी एक वाकडी तर्जनी. बाईंनी न बघताच आपली मूठ आवळली. स्वतःचं बोट त्यांना तळहातात टोचलं. ते जागेवर होतं, तसंच वाकडं.

“ठोंब्या,” त्या म्हणाल्या.

ठोंब्या ताडकन उठला आणि भुंकत दाराशी धावला. असा तो पोस्टमनवर भुंके, अनोळखी माणसांवर भुंके. बाईंवर आयुष्यात भुंकला नव्हता. त्यांनी फटीतून हात आत घातला. त्याने हुंगला, आणि त्याच्या पाठीवरचे केस उभे राहिले. दवाखान्यातल्या स्पिरिटचा वास आला असेल, बाई मनात म्हणाल्या, अजूनही म्हणाल्या.

मग त्यांना आठवलं. एक गोष्ट अजून त्यांची होती. त्या गुडघ्यांवर बसल्या, तोंड फटीशी नेलं आणि रोजच्यासारखं हळूच म्हणाल्या, “लाइनवर राहा हं, राजा.”

ठोंब्या गप्प झाला.

त्याने मान तिरकी केली. पांढुरके डोळे त्यांच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला रोखलेले. नाक पुढे आलं, ओलं नाक, बाईंच्या बोटांना लागलं. शेपूट एकदा हललं. बाईंना हुंदका आला. “हो रे, मीच. मीच आहे.”

“लाइनवर राहा हं,” खुर्चीतून आवाज आला. “राजा.”

ठोंब्याचे दोन्ही कान मागे फिरले. तो थोडा वेळ तसाच दोघींच्या मध्ये उभा राहिला. मग तो वळला. खुर्चीपाशी वळण, शिवणयंत्राला वळसा, कुठेही न धडकता तो गेला आणि त्या पायांवर अंग टाकून पडला.

“कोणी नाही रे,” आवाज म्हणाला. “झोप.”

दार हळूच लोटलं गेलं, आपणहून की कुणी लोटलं ते बाईंनी पाहिलं नाही. बेल वाजवायला त्यांनी हात वर केला. बोट बेलपर्यंत गेलं. तेवढ्यात आतून ठोंब्याचं घोरणं सुरू झालं, म्हाताऱ्या कुत्र्याचं, पोट भरल्यावरचं, कशाचीच काळजी नसलेलं. कित्येक दिवसांत तो असा घोरला नव्हता.

बाईंनी हात खाली घेतला आणि त्या पायरीवर टेकल्या. छातीतून खोकल्याची उबळ आली. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबलं आणि ती आत जिरवली. आवाज झाला असता तर तो जागा झाला असता.